पहिला थर खालून

आमच्या गल्लीत अकरा इमारती आहेत आणि त्यांतल्या नऊ निळ्या काचेच्या आहेत. हे अंदाजानं सांगत नाही, मोजलेलं आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काचेमागं ऐसपैस खोल्या असतील. आत गेलं की कळतं, काचेमागं विटांची भिंत आहे आणि भिंतीच्या आत साठ मुलं चार पंख्यांखाली जीवशास्त्र पाठ करतायत. काच उघडत नाही, तिच्यातून वारा येत नाही, उजेडही येत नाही. ती फक्त दिसायला असते. तिला आमच्याकडे ‘एलिव्हेशन’ म्हणतात. लातुरात घर बांधून झालं की वास्तुशांतीच्या पंगतीतच कुणीतरी विचारतं, “मग, एलिव्हेशन कधी?” म्हणजे धड झालं, आता तोंड कधी काढताय.

दहावी इमारत मंगल कार्यालय आहे, तिला खांबांना गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या वेली आहेत. अकरावी आमची. तळमजल्यावर मेस, वर तीन मजले मुलींचं हॉस्टेल. पिवळा रंग, साध्या खिडक्या, दोरीवर ओढण्या. हे हॉस्टेल मी चालवते. नवरा शिरूर अनंतपाळ तालुक्यात मास्तर आहे, तो शनिवारी येतो आणि रविवारी सगळ्याला बरं म्हणून जातो. उरलेले दिवस मी आणि माझी वही. चाळीस मुली, दोन गिझर आणि आठवड्यातून एकदा येणारं नळाचं पाणी एवढं सांभाळायचं तर याद्या कराव्याच लागतात. कुणाची आंघोळ कितीला, कुणाला वांगं चालत नाही, कुणाच्या वडिलांना फोन केल्यावर आधी पाऊसपाण्याचं विचारावं लागतं, सगळं लिहिलेलं असतं.

आमच्या इमारतीचं तोंड रस्त्याकडं आहे आणि रस्ता पश्चिमेला आहे. दुपारी दोनपासून सूर्य सरळ आमच्या दारात येऊन बसतो. त्या बाजूला प्रत्येक मजल्यावर दोन अशा सहा खोल्या. मार्च संपला की तिथल्या मुली गाद्या उचलून जिन्यात, गच्चीत, मैत्रिणींच्या खोलीत, जिथं जागा मिळेल तिथं जायच्या. तक्रारींची वही मी ठेवलेली होती. त्यात एकीनं लिहिलं होतं, कपाटावर ठेवलेली मेणबत्ती न पेटवताच वाकली. दुसरीनं तक्रार लिहिण्याऐवजी गणित घातलं होतं : ‘एक भिंत दुपारी दोन ते सात तापते व सात ते पहाटे चार ती उष्णता आत सोडते. तर विद्यार्थिनीने झोपावे केव्हा?’ गल्लीत आमच्या हॉस्टेलला ‘तवा’ म्हणायचे हे मला फार उशिरा कळलं.

इमारत दोघा भावांची आहे. म्हणजे कागदावर दोघांची, आणि शब्द मोठ्या दिरांचा. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत आहे. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, खिशाला दोन पेनं आणि बोलणं सोयाबीनच्या पोत्यासारखं, एकदम अंगावर येणारं. मला ते मास्तरीण बाई म्हणतात. नवरा मास्तर म्हणून म्हणतात की माझ्या वहीमुळं, हे मी विचारलेलं नाही.

फेब्रुवारीत ते आले, जिना चढले, सहा खोल्यांत डोकावले आणि माझ्या टेबलासमोर बसले.

“मास्तरीण बाई, सहा खोल्या दरसाल उन्हाळाभर मोकळ्या. मी आडतीत तीन महिने रिकामी पोती ठिवली तर घरचे मलाच पोत्यात घालतील.”

“मुली राहत नाहीत अण्णा. उकडतं.”

“मग म्या तरी काय म्हणतोय? बंद करून टाका हॉस्टेल. एका क्लासवाल्या सरांसंग बोलणं झालंय. खाली क्लास, वर क्लास. समोरून काच ठोकू, एकदम टकाटक.”

“पश्चिमेला काच? भट्टी होईल.”

“एसी लावतेत ते. उष्णता त्यांची, इमारत आपली.”

नऊ वर्षं मी ते हॉस्टेल चालवत होते. पन्नाशीच्या अलीकडं माणसाला दुसरं काही सुरू करता येतं, पण तेवढ्या याद्या पुन्हा करायचा उत्साह राहत नाही. मी म्हटलं, मला एक संधी द्या. अण्णा व्यापारी माणूस, संधी देताना ते वजन करून देतात. म्हणाले, “जूनच्या अ‍ॅडमिशनला पश्चिमेच्या सहाच्या सहा खोल्या भरा. एक जरी रिकामी राहिली तर काच.”

माझं माहेर नांदेडचं. माझ्या बहिणीची मुलगी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकली, आणि आता नांदेडातच दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून घरांचे नकाशे काढते. तिला फोन केला. ती सकाळच्या एसटीनं आली आणि दुपारी तीनला तिनं पश्चिमेच्या भिंतीवर आतून हात ठेवला. लगेच काढला.

“मावशी, ही भिंत नाही गं. इस्त्री आहे.”

तिचा उपाय सोपा होता. तापणाऱ्या भिंतीसमोर हातभर अंतर सोडून दुसरी भिंत, विटांची, भोकाभोकांची. जाळीसारखी. ऊन तिच्यावर पडेल, सावली आतल्या भिंतीवर पडेल आणि दोन्हींच्या मधून वारा वर निघून जाईल. गिलावा नाही, रंग नाही, काच नाही. विटा इथल्याच भट्टीच्या. प्रत्येक मजल्यावर ती जाळी लोखंडी सळयांनी स्लॅबला बांधायची, कारण आमच्याकडं भूकंप पाहिलेली पिढी अजून चांगली धडधाकट आहे आणि कुठल्याही नव्या भिंतीला आधी हात लावून हलवून बघते. अण्णांनी दुसरं काही विचारलं नाही, सळयांचं मात्र तीनदा विचारलं.

“आणि नुसती भोकं नकोत,” भाची म्हणाली. “रस्त्यावरची भिंत आहे. गावानं रोज बघायची. तिच्यावर काहीतरी पाहिजे.”

तिनं घागर काढली होती. रंगानं नाही. काही विटा दोन बोटं बाहेर काढून ठेवायच्या, म्हणजे दुपारचं ऊन पडलं की त्यांच्या सावल्यांनी चित्र उमटेल. तीन मजले उंच घागर, काठ वर, आणि तळाशी पाण्याच्या तीन लाटा. सकाळी साधी भिंत, दुपारी घागर. मला ते इतकं आवडलं की मी वहीत ‘चित्र : मंजूर’ असं लिहून टाकलं.

अण्णा म्हणाले, “नांदेडच्या माणसानं लातूरला घागर शिकवावी? नदी उशाला घेऊन झोपता तुम्ही लोकं. आम्हाला विचारा घागर काय असती ते.” मग म्हणाले, “पण भरली घागर हाय. शुभ हाय. काढा.”

पाण्याचा प्रश्न होताच. विटा भिजवायला पाणी, बांधकामावर रोज मारायला पाणी. आठवड्याच्या पाण्यातून ते काढणं म्हणजे मुलींच्या तोंडचं काढणं. मी नियम केला : कपडे खंगाळलेलं शेवटचं पाणी फेकायचं नाही, खाली ड्रममध्ये आणून ओतायचं. मुली तक्रार करत बादल्या आणायच्या. त्यांतल्या निम्म्या कपड्यांना वासाचं काहीतरी घालतात हे मला माहीत नव्हतं. मार्चभर आमच्या बांधकामाला गुलाबाचा वास येत होता. मिस्त्री एक दिवस म्हणाला, “ताई, घरी गेलो की बायको विचारती, कामावर कुठं जाताव तुम्ही?”

मिस्त्री चाळीस वर्षं भिंती बांधणारा माणूस. हात अतिशय साफ. पण भाचीनं दिलेला नकाशा त्यानं उभा धरला, आडवा धरला आणि मला परत दिला. कॉम्प्युटरनं काढलेला तो कागद, त्यात हजारो बारीक चौकोन, काही काळे, काही करडे, काही पांढरे.

“ताई, ह्ये तिळगूळ सांडल्यागत दिसतंय. मला थराथराचं सांगा. ह्या थरात कुठली वीट कशी, एवढंच. मी चुकायचा न्हाई.”

थर म्हणजे विटांची एक आडवी ओळ. थराथराचं सांगा म्हणजे यादी करा. हे वाक्य ऐकून मला काय झालं ते सांगणं अवघड आहे. इतकी वर्षं लोक माझ्या याद्यांना हसले होते आणि आज पहिल्यांदा एक कसबी माणूस माझ्याकडं यादी मागत होता.

मी तीन दिवस खपले. भिंग घेऊन नकाशातली एकेक ओळ मोजली आणि उतरवली. भोक, सरळ, बाहेर, असे तीनच शब्द आणि आकडे. ‘थर ३७ : भोक ४, सरळ ६, बाहेर ९, सरळ ६, भोक ४.’ क्रोशाचा रुमाल विणताना टाके लिहितात तसं. एकूण एकशे चार थर. दोनदा तपासले. झेरॉक्स काढली, प्लास्टिकमध्ये घालून मिस्त्रीच्या हातात दिली. भाचीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “मावशी, तू आमच्या ऑफिसला पाहिजे होतीस.” दोन दिवस मी हवेत होते.

समोर बांबूची परांची बांधली, तिच्यावर हिरवं कापड सोडलं आणि काम सुरू झालं. रोज संध्याकाळी मी कापडाआड जाऊन मिस्त्रीच्या विटांशी माझी यादी ताडून बघायची. झालेल्या थरावर बरोबरची खूण. एक वीट चुकलेली नव्हती. इतक्या जवळून चित्र दिसत नाही, नुसत्या विटा दिसतात. कुठं भोक, कुठं बाहेर. भाची बाराव्या थराला एकदा येऊन गेली. ओळंबा लावला, सळया ओढून बघितल्या, खूश झाली. नंतर तिला नांदेडात दुसरं काम निघालं. मी कळवत राहिले : अठ्ठेचाळीस थर झाले, सत्तर झाले, शंभर झाले.

मेच्या मध्यावर एका दुपारी चार वाजता हिरवं कापड उतरवलं. मी रस्त्यापलीकडं झेरॉक्सच्या दुकानासमोर उभी होते, फोनवर भाची, व्हिडिओ चालू. ऊन बरोबर जिथं पाहिजे तिथं पडलं होतं. चित्र अगदी स्पष्ट उमटलं.

झेरॉक्सवाला दुकानातून बाहेर आला. त्यानं वर बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा वर बघितलं.

“काकू, पाण्यासाठी मोर्चा हाय का?”

फोनमधून भाची म्हणाली, “मावशी, मोबाईल उलटा धरलायस. सरळ धर.”

“मोबाईल सरळ आहे.”

“अगं उलटं दिसतंय मला.”

“मोबाईल सरळ आहे,” मी म्हटलं. “भिंत उलटी आहे.”

घागरीचं बूड आकाशाकडं होतं. काठ खाली, मेसच्या पाटीला टेकलेला. तीन लाटा सगळ्यात वर, गच्चीच्या कठड्याजवळ. ज्या गावात पाण्याचा टँकर आला की लग्नाची पंगत सोडून लोक उठतात, त्या गावात मी तीन मजले उंच उपडी घागर उभी केली होती. आणि अजून पंधरा दिवसांनी त्याच घागरीखालून आईवडील मुलींना घेऊन येणार होते. आमच्याकडं हॉस्टेल बघायला आलेला माणूस खोली बघायच्या आधी, जेवणाचं विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारतो : पाणी कधी येतं? त्याला आम्ही भिंतीवरच उत्तर लिहून ठेवलं होतं.

मिस्त्री परांचीवरून उतरून शांतपणे हात धूत होता. मी यादी घेऊन त्याच्यासमोर गेले.

“हे काय केलंत?”

त्यानं वळून भिंतीकडं बघितलं. मग म्हणाला, “मी यादीपरमाणं केलं.”

“यादीत घागर सरळ आहे!”

“ताई, थर एक कुठं असतोय?”

“वर. सगळ्यात वर. पहिली ओळ.”

“वर?” तो म्हणाला. “हवेत?”

मी यादीच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“चाळीस वर्षं झाली, मी अजून वरनं भिंत बांधायला घेतलेली न्हाई. तुमच्या नांदेडला घेत असतील तर मला म्हाईत न्हाई.”

मी कागद बघितला. पहिली ओळ कागदाच्या वर होती, जशी जगातल्या कुठल्याही यादीची असते. भिंतीची पहिली ओळ जमिनीला असते, हे माझ्यासारख्या व्यवस्थित बाईच्या डोक्यात एकशे चार ओळी लिहिताना एकदाही आलं नाही. मिस्त्री चुकला नव्हता, भाची चुकली नव्हती. यादी बरोबर होती आणि म्हणूनच सगळं चुकलं होतं.

ती पाडून पुन्हा बांधायची तर जुलै उजाडला असता. भाचीनं फोनवर हिशेब करून हेच सांगितलं. तिचं हे रस्त्यावर दिसणारं पहिलं काम होतं. ‘चुकले’ असं मी दहा वेळा म्हणाले. ती म्हणाली, “असू दे गं मावशी.” ते ‘असू दे’ मला अजून ऐकू येतं.

सहा वाजता अकरावीच्या मुली क्लासमधून परत आल्या. कोपऱ्यावरच थांबल्या. मी मेसच्या दारात उभी राहून वाट बघत होते की आता कोण काय बोलतं.

“काकू!” एक ओरडली. “एकदम भारी! बल्ब!”

“कुठं बल्ब?”

“हा काय! केवढा! आणि वर बघा ना, उजेडसुद्धा काढलाय!”

मी पुन्हा रस्ता ओलांडला. वर गोल, खाली निमुळता गळा, त्याखाली काठाच्या आडव्या पट्ट्या, होल्डरमध्ये फिरवायच्या आट्यांसारख्या. आणि वरच्या तीन लाटा म्हणजे फाकलेला प्रकाश. आता तो मला दुसरं काही दिसेचना. मुलींनी त्याच्यासमोर उभं राहून डोक्याला बोट लावलेले फोटो काढले. दोन दिवसांत गल्लीत ‘तवा’ मागं पडला आणि आम्ही ‘बल्बवालं हॉस्टेल’ झालो.

भाचीला कळवलं. ती हसली नाही. म्हणाली, “मी पाणी काढलं होतं मावशी. तू वीज केलीस.”

तिसऱ्या दिवशी अण्णा आले. भर दुपारी, बरोबर एलिव्हेशन उमटायच्या वेळेला. रस्त्यात मध्यभागी उभे राहिले, डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. मागून ऑटोवाले हॉर्न वाजवत होते.

“घागर म्हणला होता तुम्ही.”

मी तोंड उघडलं. पण झेरॉक्सवाला माझ्याआधी बोलला, “अण्णा, बल्ब हाय! पोरींचं डोकं चालतंय म्हणून.”

“अस्सं,” अण्णा म्हणाले. “बरोबर हाय की मग. क्लासच्या गल्लीत घागर कशाला? प्लॅन बदलला म्हणा.”

“बदलला,” मी म्हटलं. बदलला होता हे खरंच होतं. कुणी बदलला हे त्यांनी विचारलं नाही.

मग ते तिसऱ्या मजल्यावर गेले, पश्चिमेच्या खोलीत, उकडतंय का ते बघायला. मी चहा टाकायला खाली आले. चहा झाला, अण्णा खाली येईनात. वर जाऊन बघते तर रिकाम्या कॉटवर आडवे होऊन घोरत होते. भोकांतून आलेल्या उन्हाचे छोटे छोटे चौकोन त्यांच्या पोटावर वरखाली होत होते. मी चहा परत नेला. सव्वापाचला ते उठून खाली आले, तोंडावर पाणी मारलं.

“पंखा कुणी लावला?”

“लाइट दोनपासून नाहीये अण्णा.”

ते टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाले, “खोली बरी हाय. पण मी बरी म्हणून काय चालत न्हाई. गिऱ्हाईक काय म्हणतंय बघू. जूनचं बोलणं जूनला.”

जूनमध्ये मुली आल्या. पाच खोल्या भरल्या. मुली आईबापाला घेऊन थेट कोपऱ्यावरून बोट दाखवत यायच्या, ते बघा बल्बवालं. आईबाप भिंतीवर हात ठेवून बघायचे, गार लागली की मान हलवायचे. राहिली एक, तिसऱ्या मजल्याची, ज्या खोलीत अण्णा झोपले होते तीच. अ‍ॅडमिशनच्या शेवटच्या दिवशीही ती रिकामी होती. अण्णा सकाळपासून येऊन बसले होते आणि सोबत काचेचं माप घेणारा माणूस आणला होता. तो जिन्यात टेप घेऊन उभा. शब्द म्हणजे शब्द.

चारच्या सुमाराला शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातून एक जोडपं मुलीला घेऊन आलं. वडील पुढं, पांढरी टोपी, हातात पत्र्याची पेटी. मुलगी मागं. आई सगळ्यात मागं, ती भिंतींना हात लावत लावत येत होती. खोली बघितली. मुलीनं लगेच खिडकीजवळचा कॉट धरला. खाली आल्यावर वडिलांनी विचारलं, “पाणी कधी येतंय?”

“आठवड्याला नळ. खाली हौद आहे, वर दोन टाक्या. कमी पडलं तर टँकर, पण वर्षात दोनदाच लागला,” मी वहीत बघून सांगितलं.

त्यांचं समाधान झालं. पेटी खाली ठेवली. पाणी प्यायले आणि दारात येऊन सहज वर बघितलं. ऊन जाळीवर आलं होतं.

“मग घागर उपडी कशापायी ठिवलाव?”

अण्णा खुर्चीवरून म्हणाले, “घागर कुठली? बल्ब हाय त्यो.”

“बल्ब कसला मालक. बूड वर, काठ खाली. घागर हाय. उपडी.”

अण्णा उठून रस्त्यावर गेले. मान वाकडी केली. अजून वाकडी केली. मग माझ्याकडं वळले.

“मास्तरीण बाई?”

मी वही मिटली. “घागरच आहे अण्णा. सरळ व्हायची होती. यादी माझी होती, मी पहिला थर वरून मोजला.”

“आन् मला बल्ब म्हणून सांगितलाव!”

“मी नाही सांगितलं. मी फक्त नाही म्हटलं नाही.”

“लातुरात उपडी घागर! तीन मजली!” अण्णांचा आवाज मंगल कार्यालयापर्यंत गेला असेल. “रेल्वेनं पाणी आणलं ह्या गावानं, आन् माझ्या दारात उपडी घागर!”

वडिलांनी पेटी उचलली. “जिथं घागर उपडी तिथं पोरगी ठिवायची व्हय? चल गं.” मुलगी हलली नाही. जिन्यातल्या माणसानं टेपचं टोक बाहेर काढलं.

आई तेवढ्या वेळ मेसच्या दाराशी होती. ती बाहेर येऊन नवऱ्याशेजारी उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वर बघितलं.

“उपडी काय म्हणताव,” ती म्हणाली. “पालथी घातलीया ती. घासून.”

“एकच की.”

“एकच कसं? तुम्ही घासलाव कधी? आपल्या घरी उन्हाळ्यात घागर पालथी बघितलाव का तुम्ही? न्हाई. कारण तिच्यात कालचं आर्धं पाणी असतंय. ते टाकायचं कुठं? पाणी येतंय का न्हाई त्याचा भरवसा नसला की बाई घागर मोकळी करत न्हाई. घाण झाली तरी तशीच ठिवती. ज्या घरला नळ यायचा वार ठरलेला हाय ना, तिथली बाई घागर मोकळी करती, घासती, आन् उन्हात पालथी घालती. उद्या भरायला.” तिनं माझ्याकडं बघितलं. “बरोबर का न्हाई, ताई?”

मी मान हलवली. एकशे चार थर उतरवणाऱ्या मला, घागर काढणाऱ्या माझ्या भाचीला, सगळ्या गल्लीला हे सुचलं नव्हतं, आणि मी तर जन्मभर घागरी घासलेल्या आहेत.

“खोली गार हाय आई,” मुलगी म्हणाली.

वडिलांनी पेटी खाली ठेवली. अण्णांनी जिन्यात जाऊन माप घेणाऱ्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला मेसमध्ये चहाला बसवलं. चहा पिऊन तो गेला.

मी फॉर्म भरून घेतला. आईनं सही करताना विचारलं, वार कुठला, आणि मी शुक्रवार म्हणाले. तिनं तो मुलीकडून दोनदा म्हणवून घेतला. भाचीला मी त्याच वेळी फोन लावला आणि ती बाई काय बोलली ते सांगितलं. भाची म्हणाली, पुन्हा सांग. सांगितलं. पुन्हा एकदा, हळू, ती म्हणाली, मी लिहून घेते.

बाहेर झेरॉक्सवाला अण्णांना विचारत होता, “काय झालं अण्णा, उपडी घागर हाय म्हणं ती?”

“उपडी नव्हं रे,” अण्णा म्हणाले. “पालथी. तुला काय कळतंय त्यातलं.”